अहवालाची प्रत

संगणकशास्त्रातल्या थोर लोकांना एक कला फार लवकर साधते. न वाचलेल्या कागदाकडे बोट दाखवायची. बोट इतकं ताठ, इतक्या भरवशाने दाखवतात की पाहणाऱ्याला वाटावं, तिकडे खरंच काहीतरी उभं आहे. माझा धंदा त्या बोटाच्या दिशेने चालत जायचा. कुणाला नवी युक्ती सुचली आणि तिचं पेटंट घ्यावंसं वाटलं की तो आधी माझ्याकडे येतो आणि विचारतो, बाई, हे अगोदर कुणी केलंय का? मग मी शोधनिबंध चाळते, विद्यापीठांचे तांत्रिक अहवाल उपसते, जुनी पेटंटं उलगडते, आणि बहुतेकांना पडलेल्या चेहऱ्याने परत पाठवते. लोक मला अपशकुनी समजतात. समजोत.

खारूला मात्र मी हसऱ्या चेहऱ्याने पाठवलं होतं.

खारू माझी धाकटी नणंद. लहानपणी तुटक्या तारा, बटणं, बंद घड्याळांची चाकं खिशात कोंबून घरी आणायची, म्हणून तिला खारू म्हणायला लागले, आणि ते नाव तिला चिकटलं ते कायमचं. मोठी झाल्यावर एका कंपनीत पाण्याच्या मीटरांसाठी प्रोग्रॅम लिहायची. मीटरात बोटाच्या पेराएवढं यंत्र असतं, त्याला शेंगदाण्याएवढी बॅटरी. बॅटरी थकली की यंत्र नोंद लिहिता लिहिता मध्येच मरतं, आणि अर्धी नोंद म्हणजे खोटी नोंद. खारूने यंत्राला असं शिकवलं, की लिहायला बसण्याआधी स्वतःचा दम जोखायचा. वाक्य पुरं होईल एवढा दम असेल तर लिहायचं. नसेल तर गप्प राहायचं आणि आधीचं पुरं वाक्य जपून ठेवायचं.

गप्प राहायला शिकवलेलं यंत्र. मला ते बघताक्षणी आवडलं. माणसांना हे अजून कुणी शिकवू शकलेलं नाही.

कंपनीतले साहेब तिला हसले होते. म्हणाले, बॅटरी मोठी घालू, विषय संपला. मग तिने नोकरी सोडली, एका मैत्रिणीला धरून दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि युक्तीचा अर्ज केला. अर्जाआधीचा शोध मीच केला होता. वाट मोकळी आहे, असं मीच सांगितलं होतं.

म्हणून त्या संध्याकाळी ती पेटंट कार्यालयाचा कागद घेऊन स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा माझ्या हातातली सुरी कांद्यावरच थांबली.

"काय झालं?"

"वहिनी, तुझ्या नजरेतून सुटलं म्हणे काहीतरी."

परीक्षकाने लिहिलं होतं की अर्जदाराची पद्धत नवी नाही. ती थोरल्या सरांच्या तांत्रिक अहवालात पूर्वीच आलेली आहे. खाली विभागाचं नाव, अहवालाचा क्रमांक, साल, आणि वर रुबाबात पानांचे आकडेसुद्धा. मुदतीत समाधानकारक उत्तर आलं नाही तर अर्ज निकाली. अर्ज निकाली म्हणजे युक्ती रस्त्यावर. मग ती उचलायला पहिले कोण धावणार हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. तेच, मोठी बॅटरीवाले.

थोरले सर म्हणजे या क्षेत्रातलं दैवत. त्यांचा तो अहवाल न उल्लेखता या विषयावर निबंध लिहिणं म्हणजे वडीलधाऱ्यांना नमस्कार न करता घरात शिरणं. मी स्वतः तो उल्लेख कितीतरी निबंधांच्या शेवटी पाहिला होता. अहवाल पाहिला नव्हता. कुठल्याच डेटाबेसात तो नव्हता, आणि जे मला सापडत नाही ते नसतं असं मी धरून चालले होते. आता परीक्षकानेच बोट दाखवलं म्हटल्यावर तसं धरून चालायची सोय उरली नव्हती.

"मिळवते," मी म्हटलं. "आहे म्हणतात ना, मग मिळेल."

"आणि त्यात खरंच असलं माझं सगळं, तर?"

मी कांदा चिरत राहिले. डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त बरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. ज्या ज्या निबंधांत त्या अहवालाचा उल्लेख होता ते सगळे काढले आणि सालवार मागे मागे जात राहिले, ओढ्याच्या काठाने उगमाकडे जावं तशी. वाटेत जे दिसलं ते बघून मला आधी हसू आलं आणि मग किळस. सगळ्यात अलीकडच्या निबंधात लिहिलं होतं, 'अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केल्याप्रमाणे'. त्याच्या मागच्यात प्रकरण नव्हतं, नुसते पानांचे आकडे होते. त्याच्या मागच्यात पानं नव्हती, साल होतं. अजून मागे सालही नव्हतं. आणि उगमाशी थोरल्या सरांचाच एक जुना, चार पानी निबंध होता. त्याच्या तळाशी एक ओळ: सविस्तर विवेचनासाठी पाहा, तांत्रिक अहवाल क्रमांक अमुक, लवकरच प्रसिद्ध होत आहे.

पुढच्याने 'लवकरच' गाळलं होतं. एवढंच. बाकीच्यांनी नुसतं नटवलं. कुणी साल घातलं, कुणी पानं दिली, कुणी प्रकरणं पाडली. न जन्मलेल्या मुलाला एकेकाने अंगडं, टोपडं, वाळे घातले आणि शेवटी त्याचं लग्नही लावून दिलं.

आई माझी कामं करताना ओव्या रचायची. मला तिचा गळा नाही मिळाला, खोड मिळाली. पडद्यावर ते कागद सरकवता सरकवता मी पुटपुटत होते,

कागदाच्या रानामध्ये उभं कागदाचं झाड,
फळ कुणी चाखेचना, म्हणे गाव गोड गोड.

तरीही मी मानलं नाही. माझ्या धंद्यात ही एक वाईट सवय लागते. सापडत नाही म्हणजे आपणच आंधळे, असं वाटतं. मी त्या निबंधवाल्या विद्वानांना एकेक ईमेल पाठवला. अहवालाची प्रत असल्यास पाठवावी, उपकार होतील.

उत्तरं आली ती जपून ठेवण्यासारखी होती. एक म्हणाले, तो अहवाल म्हणजे या विषयाचा पाया आहे, माझी प्रत घर बदलताना गेली. एक म्हणाले, आमच्या मार्गदर्शकांनी घालायला सांगितलं, आम्ही घातलं. एकाने उलट मलाच विचारलं, मी त्यांच्या नव्या निबंधाचा उल्लेख कुठे करू शकेन का. आणि 'तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केल्याप्रमाणे' लिहिणारे गृहस्थ म्हणाले, "आपल्याला मिळाला तर कृपया मलाही पाठवा. फार दिवसांपासून वाचायचा राहिलाय."

हे लोक वर्गात उभे राहून मुलांना सांगतात, नक्कल करू नका.

मग मी थोरल्या सरांच्या जुन्या विभागाच्या ग्रंथालयात गेले. तांत्रिक अहवाल मागच्या खोलीत होते, करड्या वेष्टनाचे, टाचण्यांना गंज चढलेले, क्रमाने लावलेले. मी बोट फिरवत गेले. मागचा क्रमांक होता. पुढचाही होता. दोघं एकमेकांना अंग चिकटवून बसलेले. मध्ये फटसुद्धा नव्हती. एखादं माणूस उठून गेलं की बाकावर त्याची जागा तरी थोडा वेळ दिसते. इथे कुणी बसलंच नव्हतं.

ग्रंथपाल बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "ढापला असेल कुणीतरी. चांगलं असतं तेच चोरीला जातं."

"तुम्ही पाहिलाय कधी?"

"मी? छे. पण सगळे त्याच्याचसाठी येतात."

म्हणजे नसण्यानेही त्याची किंमत वाढतच होती. मी खारूला फोन करून म्हटलं, आता एकच दार उरलंय. तयार राहा, आपण सरांकडे जाऊ.

थोरले सर निवृत्त झाले होते, पण खोलीतून ते काही कळत नव्हतं. भिंतभर काचेची मानचिन्हं, प्रत्येकावर त्यांचं नाव, आणि प्रत्येकावरची धूळ पुसलेली. पुस्तकांवरची नव्हती. सर आरामखुर्चीत होते. बाजूच्या खोलीत त्यांच्या पत्नी कसलंतरी विणत बसल्या होत्या, दार उघडं होतं.

"या. तुम्ही म्हणजे त्या शोधणाऱ्या बाई," सर मला म्हणाले. मग खारूकडे पाहून, "आणि ही आमच्याच वाटेवरून चालत आलेली पोर. उत्तम. पुढच्या पिढीने पाऊल ठेवावं म्हणूनच आम्ही वाट पाडतो."

खारू खुर्चीच्या कडेवर बसली. मी सरळ म्हटलं, "सर, त्या अहवालाची प्रत हवी होती."

"कुणीतरी वाचायला नेलीय."

"कुणी?"

"नावं कुठे लक्षात ठेवतो मी. मी विचार लक्षात ठेवतो."

"पानं साधारण किती होती?"

"पानं मोजून शास्त्र होत नाही, बाई."

आतून सरांच्या पत्नीचा आवाज आला. तो शांतपणे आला, सुया चालूच होत्या. "कोणता हो अहवाल? बॅटरीचा का? त्या उन्हाळ्यात तर तुम्ही खिडक्या रंगवत होतात."

"रंगवताना डोकं चालू असतं," सर म्हणाले.

"डोकं चालू होतं, पण रंग तावदानांवर गेला होता. अजून आहे."

खारूने ओठ चावला. मी सरांकडे बघत राहिले. त्यांना अवघडल्यासारखं मुळीच झालं नव्हतं. उलट ते समजावणीच्या सुरात आले, जसं थोर लोक लहान बुद्धीसाठी येतात.

"असं बघा. आमच्या विभागात पद्धत होती. आधी क्रमांक घ्यायचा, मग सावकाश लिहायचं. क्रमांक पडला की विचार आपल्या नावे लागला. कागद काय, कुणीही खरडतो."

"म्हणजे लिहिला नाही."

"म्हणजे विचार होता," सर म्हणाले. "आणि आज जग म्हणतंय की होता. मी एकटा नाही कुठे म्हणत?"

मग त्यांनी खारूकडे झुकून अगदी मायेने सांगितलं, "बाळ, कशाला भांडत बसतेस परीक्षकाशी? अर्जात माझं नाव घाल. पुढे घाल म्हणजे शोभेल. मी लिहून देतो की अहवाल माझा, विचार माझा, आणि हा अर्ज म्हणजे त्याचंच पुढचं पाऊल. आपल्याच अंगणात आपल्याला कोण अडवणार? तुझं काम होईल, आणि माझ्या नावाने दारंही उघडतील."

मी आजवर पुष्कळ चोऱ्या पाहिल्या आहेत. कागदावरच्या चोऱ्या हा माझा रोजचा भाजीपाला. पण चोर मालकिणीच्या डोक्यावरून हात फिरवत तिच्याच घराची किल्ली मागतोय, हे पहिल्यांदा पाहिलं.

"विचार करून सांगते, सर," खारू म्हणाली.

बसथांब्यावर ती चपलेच्या अंगठ्याने फरशीतला एक खडा उकरत राहिली. मी तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या.

घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने, म्हणजे तिच्या सख्ख्या भावाने, सगळं ऐकून घेतलं आणि आपलं अमूल्य मत दिलं. "घाल ना नाव. नावाने काय बिघडतं? काम झाल्याशी मतलब."

"तुझ्या पगारपत्रकावर शेजाऱ्याचं नाव घातलं तर चालेल?" मी विचारलं.

"ते वेगळं."

"हो. तुझं असलं की वेगळं."

तो टीव्हीकडे वळला. या घरात टीव्हीने फार मोठ्या लढायांत आडोसा दिलाय.

खारू मात्र डगमगली होती, हे मला दिसत होतं. मुदत जवळ येत होती. ती रोज यायची आणि माझ्या मागे उभी राहून पडद्याकडे बघायची. मी अजून शोधतच होते. त्या काळी विभाग एकमेकांना अहवाल पोस्टाने पाठवत, म्हणून मी दूरदूरच्या ग्रंथालयांना लिहीत होते, की तुमच्याकडे कधी आला होता का. सरांच्या तोंडून सगळं ऐकूनही शोधत होते. माझं म्हणणं, नसल्याचा पुरावा हवा. पण नसल्याचा पुरावा कुठल्या फडताळात ठेवतात? नकार येत राहिले आणि प्रत्येक नकारानंतर मला वाटायचं, पुढच्या दारी असेल.

एका दुपारी खारू म्हणाली, "वहिनी, सरांना हो म्हणून टाकू का?"

मी वळून पाहिलं. ती थकली होती. तिच्या दोन खोल्यांच्या भाड्याचं, मैत्रिणीचं, सगळ्याचं ओझं खांद्यावर घेऊन उभी होती. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिचा रागही आला.

"हो म्हणालीस तर तुझ्या यंत्राला तोंड कसं दाखवशील?" मी म्हटलं. "त्याला तू काय शिकवलंस? दम नसेल तर गप्प राहायचं. आणि त्याच्या माथ्यावर नाव कुणाचं घालशील? ज्याने क्रमांक घेतला आणि खिडक्या रंगवायला गेला त्याचं?"

तिने माझ्या हाताखालचा माऊस बाजूला सरकवला.

"तू शोधू नकोस."

"अगं, दोन ग्रंथालयांची उत्तरं यायचीत."

"नकोच. आपण का शोधायचं? आहे असं कोण म्हणालं? परीक्षक. मग आहे म्हणणाऱ्यानेच दाखवावा ना. ते काय त्याने वाचल्याशिवाय लिहिलंय?"

मी हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसले. इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि कुणी बोट दाखवलं की बैलासारखी तिकडे चालत गेले. बोटवाल्यालाच 'चल, तू पुढे हो' म्हणावं, हे या पोरीला सुचलं.

आम्ही उत्तर लिहिलं. अर्जाचं काम बघणारे वकील म्हणत होते युक्तिवाद करू, फरक दाखवू, तक्ता जोडू. खारूने सगळं खोडलं. उरलं ते एवढंच: ज्या अहवालाच्या आधारे हरकत घेतली आहे, त्याची प्रत आणि ज्या परिच्छेदात अर्जदाराची पद्धत वर्णिली आहे त्याचा निर्देश कृपया कळवावा. प्रत वाचल्यावर सविस्तर उत्तर देऊ.

मग वाट पाहणं आलं. त्या दिवसांत खारू आपल्या दोन खोल्यांत मीटरं उघडून बसायची आणि मी तिच्याकडे डबा घेऊन जायचे. टेबलावर ती इवली यंत्रं ओळीने मांडलेली. बॅटऱ्या मुद्दाम थकवलेल्या. एकेक यंत्र दिवा लावायचं, दम जोखायचं, दिवा मालवायचं. बाळ झोपताना पापण्या मिटतं तसं.

"किती शहाणी आहेत गं," मी म्हटलं.

"तुझ्या भावजींना आणून बसवू का यांच्यात?" खारू म्हणाली. ती थोरल्या सरांना आता भावजी म्हणायला लागली होती, कारण त्यांनी न विचारता घरातलं व्हायचं ठरवलं होतं.

परीक्षकाचं उत्तर आलं ते सरकारी थाटात. सदर दस्तऐवज प्रयत्न करूनही उपलब्ध होऊ शकला नाही, सबब त्यावर आधारित हरकत मागे घेण्यात येत आहे. प्रयत्न करूनही. म्हणजे हरकत घेताना प्रयत्न केलेला नव्हता. 'चूक झाली' असे दोन शब्द लिहायला मात्र त्यांची शाई संपली होती. दुसरी हरकत नव्हती. युक्ती खारूची ठरली, फक्त खारूची.

बातमी छापून आली आणि संध्याकाळी खारू आमच्याकडेच होती तेव्हा तिचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, मला दाखवलं आणि फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. नवऱ्याने टीव्ही बंद केला. ही त्या दिवसातली दुसरी मोठी घटना.

"अभिनंदन, बाळ," थोरले सर म्हणाले. आवाजात जराही ओरखडा नव्हता. "शेवटी आमच्या त्या अहवालाचं सोनं झालं म्हणायचं. मी कालच एका भाषणात सांगितलं, की बीज आमचं, रोप आता या मुलीच्या दारी डोलतंय. तू तुझ्या पुढच्या निबंधात उल्लेख करशीलच."

"करीन की, सर," खारू गोड आवाजात म्हणाली. "वाचल्याशिवाय करायचा नाही, एवढी एक सवय वहिनीने लावलीय. प्रत कधी पाठवता?"

पलीकडे कुठेतरी विणकामाच्या सुया चालल्या होत्या, तेवढा टिकटिक आवाज येत होता.

"असं आहे बघ," थोरले सर म्हणाले, "तो अहवाल म्हणजे, खरं तर त्या वेळी आम्ही..."

वाक्य तिथे थांबलं. आम्ही तिघं फोनकडे बघत होतो. सरांचा श्वास ऐकू येत होता, जड आणि खरखरीत. वाक्य पुढे ढकलायला तो पुरत नव्हता, आणि ते मागे घ्यायची त्यांना सवय नव्हती.

खारूने थोडा वेळ थांबून पाहिलं. ती यंत्रांसमोर थांबते तशीच. मग हळूच फोन बंद केला आणि मला म्हणाली, "वहिनी, चहा टाकतेस?"